उचल पहिल्या भागाची

४ ऑक्टोबर २०१३, शुक्रवार, रात्रीचे दहा. 'कलर्स' वाहिनीवर '२४' सुरू झाली आणि हिंदी मालिकांच्या प्रेक्षकाला तोवर न पाहिलेले काहीतरी दिसले. पडद्यावर सेकंदासेकंदाने पुढे सरकणारे घड्याळ, एकाच वेळी तीन-चार चौकटींत चाललेली कथा, दिवाणखान्यातल्या रुसव्याफुगव्यांऐवजी मुंबईचे रात्रीचे रस्ते. अनिल कपूरचा जयसिंग राठोड हा दहशतवादविरोधी पथकाचा अधिकारी. देशाच्या होऊ घातलेल्या पंतप्रधानाला मारण्याचा कट शिजतो आहे आणि त्याच रात्री राठोडची मुलगी घरातून निसटते. दिग्दर्शक अभिनय देव, म्हणजे रमेश देव आणि सीमा देव यांचा मुलगा. जाहिरातपटांतून आलेल्या या माणसाला चौकट कशी बांधायची हे नेमके ठाऊक होते. पहिले चार-पाच तास मी श्वास रोखून पाहिले, आणि आजही ते पाहण्याजोगे आहेत असे माझे मत आहे.

पण मालिका चोवीस तासांची होती. बारा आठवडे, शुक्रवार-शनिवार. डिसेंबरात ती संपली तोवर सुरुवातीला भारावलेल्यांपैकी बरेच जण वाटेत गळाले होते. याचे मूळ अमेरिकेतल्या मूळ मालिकेतच सापडते. फॉक्स वाहिनीने २००१ मध्ये आणलेल्या '२४' च्या पहिल्या पर्वाला सुरुवातीला तेराच भागांची मंजुरी होती. लेखकांनी म्हणून तेराव्या तासापर्यंत कथेचे एक वर्तुळ पुरे होईल अशी बांधणी केली. पुढचे अकरा तास मंजूर झाले तेव्हा हाताशी उरले ते आधीच वापरलेले ताण: सुटलेली मुलगी पुन्हा सापळ्यात, वाचलेल्या बायकोला अचानक स्मृतिभ्रंश. भारतीय आवृत्तीने हाच आराखडा घेतला, त्यामुळे तिथली दमछाकही तिच्या वाट्याला आली. जुलै २०१६ मध्ये दुसरे पर्व आले. त्यात घातक विषाणूचे संकट होते, दिमाख तोच होता, पण तिसरे पर्व काही झाले नाही.

हा प्रश्न एका मालिकेपुरता असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. गेल्या दहा-बारा वर्षांत देखण्या, वेगवान, मारधाडीच्या मालिकांची रांग लागली आहे आणि त्यांतल्या बहुतेकींची कहाणी एकच आहे. पहिला भाग लखलखीत, दुसरा-तिसरा चांगला, मग घसरण. कधी पर्वाच्या मध्यावर, कधी दुसऱ्या पर्वात. पैसा कमी पडतो असे नाही. नट कमी पडत नाहीत, कॅमेरा तर नाहीच नाही. मग कमी पडते ते काय, हे शोधावेसे वाटते.

तुकोबांची पालखी अंथुर्ण्याचा मुक्काम हलवून निमगाव केतकीकडे निघते त्या वाटेवरचे आमचे शेळगाव. इकडे मालिका पाहण्याची पद्धत शहरापेक्षा निराळी आहे. शेतीपंपाची थ्री-फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशा पाळीने येते. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुरू असले की विहिरींना पाणी असते आणि रात्रपाळीच्या आठवड्यात उसाला दारं धरायला माणूस रानात असतो. एक सरी भरेपर्यंत वेळ असतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि या रिकाम्या वेळात मोबाइलवर मालिका आली. ज्याने दिवसभर अंगमेहनत केली आहे आणि रात्री दोन वाजता बांधावर बसून हातातल्या छोट्या पडद्यावर मारामारी पाहतो आहे, तो प्रेक्षक कंटाळा लपवत नाही. डोळा लागतो, नाहीतर बोट पुढच्या चित्राकडे सरकते. समीक्षकाला जे दहाव्या परिच्छेदात सुचते ते या माणसाला तिसऱ्या भागात कळलेले असते, आणि त्याचा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो.

आमच्या पट्ट्यात 'उचल' म्हटले की समजावून सांगावे लागत नाही. ऊसतोडीची टोळी हंगामाआधी उचल घेते आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत कोयत्याने ती फेडते. थरारक मालिकेचा पहिला भाग अशीच उचल घेतो. बॉम्ब आहे, कट आहे, नायकाचा जुना घाव आहे, घरभेदी आहे. हे सगळे मांडून तो प्रेक्षकाचा विश्वास आगाऊ घेऊन टाकतो. ती फेडायची म्हणजे पुढच्या प्रत्येक भागात काहीतरी खरोखर घडवायचे, परत फिरवता येणार नाही असे घडवायचे. बहुतेक मालिका फेडण्याऐवजी दर भागाला नवी उचल घेतात. नवा कट, आणखी मोठा बॉम्ब, आणखी वरचा सूत्रधार. पाचव्या-सहाव्या भागापर्यंत देणे इतके साचते की कोणताही शेवट ते फेडू शकत नाही.

हे टाळता येते का? येते, आणि मराठीला त्याचा जुना अनुभव आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. 'झुंजार' आणि 'काळा पहाड' हे त्यांचे नायक कित्येक पुस्तकांतून परत परत आले, पण प्रत्येक पुस्तकाचा गुन्हा त्याच पुस्तकात मिटला. गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपच्या मोहिमाही तशाच, एका बैठकीत संपणाऱ्या. एसटी स्टँडावरच्या दुकानातून ही पुस्तके भाड्याने नेणाऱ्या वाचकाला पुढल्या आठवड्यात तोच नायक हवा असे, पण अर्धवट सोडलेली गोष्ट त्याने चालवून घेतली नसती. पात्र चालू आणि गोष्ट पुरी, हा त्या व्यवहाराचा कणा. साहित्यात या पुस्तकांना मान मिळाला नाही, पण उत्कंठा कशी राखायची याचा मराठीतला सर्वांत मोठा साठा तिथे आहे.

मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' आली ती याच रीतीने. शंभर नंबर फिरवला की पोलीस येतात, त्यावरून नाव. बी. पी. सिंग यांनी ती केली आणि शिवाजी साटम तिच्यात होते. दूरदर्शनवरच रमेश भाटकरांची 'हॅलो इन्स्पेक्टर' गाजली आणि पुढे हिंदीत त्यांची 'कमांडर' आली. भाटकरांचे चालणे, जाकीट, आवाजातला खर्ज, यात त्या काळाच्या मानाने भरपूर ऐट होती. पण ऐट गोष्टीच्या अंगावर होती, गोष्टीच्या जागी नव्हती. गाडीचा पाठलाग असला तर तो कोणाला तरी पकडण्यासाठी असे आणि तो माणूस त्याच भागात पकडला जाई.

२१ जानेवारी १९९८ ला सिंग आणि साटम हीच जोडी 'सीआयडी' घेऊन सोनीवर आली. ती २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली आणि दीड हजारांहून अधिक भाग झाले. २०२४ च्या डिसेंबरात ती परतही आली. सुरुवातीच्या दिवसांत आशुतोष गोवारीकर तिच्यात इन्स्पेक्टर वीरेंद्र होते, हे आज अनेकांना आठवत नाही. २००४ च्या नोव्हेंबरात तिने एका सलग शॉटमध्ये चित्रित केलेला १११ मिनिटांचा एक भाग दाखवला, कुठेही कट नाही. तंत्राची अशी हौस आजच्या किती मालिकांत आहे? 'सीआयडी'चे नंतरचे भाग मला आवडत नाहीत. गुन्हे अधिकाधिक चमत्कारिक होत गेले, दारे तोडणे आणि थपडा मारणे हे ठरावीक विधी झाले. तरीही प्रेक्षक वीस वर्षे टिकला, कारण दया-अभिजित या तिच्यातल्या अधिकाऱ्यांच्या भोवतालची गोष्ट दर वेळी नव्याने सुरू होऊन नव्याने संपत होती. माझ्या आईला मधले सहा महिने चुकले तरी बिघडत नसे. ज्या मालिकेत एक भाग चुकला की सगळे सुटते, तिच्यावर त्या एका भागाचे किती ओझे असते याचा विचार तिच्या लेखकांनी करायला हवा.

मग खासगी मराठी वाहिन्यांवर दैनंदिन मालिकांचे राज्य आले. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर भाग. दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे पुढची कथा ठरवू लागले. मारामारी ही चित्रीकरणातली सर्वांत वेळखाऊ गोष्ट. चांगली दोन मिनिटांची झटापट बसवायला, सराव करायला, सुरक्षितपणे टिपायला दिवस जातो, आणि दैनंदिन मालिकेला त्याच दिवसात अख्खा भाग हातावेगळा करायचा असतो. त्यामुळे या रचनेत थरार पहिल्या आठवड्यात खर्च होतो आणि मग माणसे खोल्यांमध्ये उभी राहून बोलू लागतात.

'जय मल्हार' आठवा. मे २०१४ ते एप्रिल २०१७, कोठारे व्हिजनची निर्मिती, देवदत्त नागेंचा खंडोबा. पिवळाजर्द भंडारा, खंडा, संगणकावर उभारलेली दृश्ये: झी मराठीवर इतका भव्य थाट आधी नव्हता. जेजुरी आमच्याच जिल्ह्यात, घरोघर कुळाचार खंडोबाचा, त्यामुळे सात वाजता गावात वर्दळ कमी होई. पण पुढे युद्धांपेक्षा म्हाळसा आणि बानू यांच्यातल्या मानापमानाला अधिक वेळ मिळू लागला. अर्थात खंडोबाच्या लोकपरंपरेत बानूची कथा मोठीच आहे, जागरणात ती रात्ररात्र गायली जाते, तेव्हा ते सगळे उपरे म्हणता येणार नाही. तरी खंडा म्यानातच राहिलेल्या संध्याकाळी फार झाल्या. 'देवमाणूस'ची गोष्ट आणखी बोलकी. वाईच्या खून प्रकरणावर बेतलेली ही मालिका ऑगस्ट २०२० मध्ये रात्री साडेदहाला सुरू झाली आणि किरण गायकवाडच्या डॉक्टरने महाराष्ट्राला जागे ठेवले. गावाला देव वाटणारा माणूस खुनी आहे हे आपल्याला माहीत आणि गावाला नाही, या एका फरकावर तिची सगळी ताकद होती. पोलीस अधिकारी गावात आली, अटक झाली, कोर्ट झाले, आणि डॉक्टर सुटून पुन्हा त्याच गावात. त्या क्षणी जे घडले होते ते न घडल्यासारखे झाले. पुढची पर्वे आली, आकडेही मिळाले, पण अंगावरचा काटा गेला तो गेला.

याच रचनेत एक अपवाद घडला आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. 'स्वराज्यरक्षक संभाजी', सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२०, डॉ. अमोल कोल्हे. या कथेचा शेवट महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यात काय होणार ही उत्कंठा शून्य. तरीही शेवटच्या महिन्यांत गावातल्या म्हाताऱ्या बायका टीव्हीसमोरून उठून जात, कारण पुढचे पाहवत नव्हते. लढाया मर्यादित खर्चात केलेल्या दिसत, मोजकेच घोडे पुन्हा पुन्हा येत, प्रेक्षकांनी ते माफ केले. अण्णाजी दत्तोंशी आलेला दुरावा, दिलेरखानाकडे जाणे आणि परत येणे, प्रत्येक निर्णयाची किंमत पुढे भरली जात होती. इतिहासानेच शेवट नेमून दिल्यामुळे लेखकाला कथा वळवून लांबवता येत नव्हती. दैनंदिन मालिकेला शेवट आधी माहीत असणे ही केवढी मोठी देणगी आहे हे तिथे दिसले.

मोबाइलवरच्या मंचांनी ही देणगी सगळ्यांनाच देऊ केली होती. आठ-दहा भाग, पूर्ण पटकथा हातात, टीआरपी नाही. ६ जुलै २०१८ ला 'सेक्रेड गेम्स' आली तेव्हा वाटले की उत्तर मिळाले. विक्रम चंद्रांच्या २००६ च्या कादंबरीवरून विक्रमादित्य मोटवाने आणि अनुराग कश्यप यांनी ती केली. गुंड गणेश गायतोंडे पोलीस सरताज सिंगला फोन करतो, पंचवीस दिवसांत शहर संपणार असे सांगतो आणि पहिल्याच भागात स्वतःला गोळी घालतो. इतकी मोठी उचल क्वचितच कोणी घेतली असेल. आणि पहिल्या पर्वाने ती फेडली. कशी, ते नीट पाहिले पाहिजे.

जितेंद्र जोशीचा हवालदार काटेकर पाहा. सरताजच्या मागे उभा राहणारा, घरी बायकोशी मराठीत कुरकुरणारा, तुटपुंज्या पगारातला साधा माणूस. नेहा शितोळेची शालिनी त्याच्याशी भांडते ते खऱ्या घरातले भांडण आहे. शहर वाचवण्याच्या गोष्टीत या संसाराचे काय काम, असा प्रश्न पडावा आणि उत्तरार्धात काटेकर मारला जावा. मग पडद्यावर पाठलाग आला की पोटात गोळा येतो, कारण या मालिकेत माणसे खरी मरतात हे आपल्याला कळलेले असते. सरताजचा अंगठा तुटतो तो तुटलेलाच राहतो. पुढच्या प्रसंगात पट्टी दिसते. थरार म्हणतात तो या पट्टीत आहे, स्फोटात नाही.

दुसरे पर्व १५ ऑगस्ट २०१९ ला आले. पंकज त्रिपाठींचे गुरुजी, आश्रम, परदेशातला गायतोंडे, अणुबॉम्ब, जगबुडीचे तत्त्वज्ञान. अमृता सुभाषने गुप्तचर अधिकारी कुसुमदेवी यादव फार ताकदीने उभी केली, आणि काही प्रसंग पहिल्या पर्वाच्या तोडीचे आहेत. पण धोका शहरावरून जगावर गेला तसा तो प्रेक्षकापासून लांब गेला. काटेकर गेल्यावर आपला जीव ज्याच्यासाठी तुटावा असे माणूस पटकथेने पुन्हा घडवले नाही. आणि शेवटी बॉम्बसमोर बसलेल्या सरताजवर पडदा पडला. वाचले की नाही, उत्तर नाही. तिसरे पर्व आलेच नाही. मला खुला शेवट आवडतो, पण पंचवीस दिवसांचा हिशेब मांडून सव्विसावा दिवस न दाखवणे हा खुला शेवट नव्हे. ते देणे बुडवणे आहे.

मराठीत याची धाकटी बहीण म्हणजे 'समांतर'. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून २०२० च्या मार्चमध्ये एमएक्स प्लेअरवर आलेली, सतीश राजवाडे दिग्दर्शित. तुझे आयुष्य आधीच कोणीतरी जगून बसला आहे, ही कल्पनाच अंगावर शहारा आणणारी. स्वप्नील जोशीचा कुमार महाजन त्या माणसाचा शोध घेत फिरतो तोवर पकड सुटत नाही. शोध संपतो, डायऱ्या हाती येतात, रोज एकच पान वाचायचे असा नियम होतो. जुलै २०२१ च्या दुसऱ्या पर्वात, समीर विद्वांस यांच्या दिग्दर्शनाखाली, त्या नियमावरच सगळा डोलारा उभा राहतो आणि नियम पुन्हा पुन्हा त्याच रीतीने वापरला जातो. शिरवळकरांचे एक पुस्तक दोन पर्वांत ताणले की मध्ये पोकळी पडणारच. ज्यांनी 'समांतर' एका रात्रीत वाचले आहे त्यांना हे जास्त जाणवते.

बाहेरच्या जगातही निराळे चित्र नाही. प्रियांका चोप्रा आणि रिचर्ड मॅडनची 'सिटाडेल' २८ एप्रिल २०२३ ला आली. तिचा खर्च तीस कोटी डॉलरच्या घरात गेल्याचे तेव्हा छापून आले होते. सहा भागांच्या मालिकेसाठी हा आकडा अवाढव्य आहे. आल्प्समधल्या रेल्वेतली पहिली मारामारी डोळ्यांचे पारणे फेडणारी, आणि त्यानंतर दोन्ही नायकांची स्मृती पुसलेली. ज्यांना स्वतःबद्दलच काही आठवत नाही त्यांच्यासाठी आपण तरी काय गमावण्याची भीती बाळगायची? भारतीय शाखा 'सिटाडेल : हनी बनी' नोव्हेंबर २०२४ मध्ये राज आणि डीके या जोडीने केली. नव्वदच्या दशकातले स्टंटमनचे जग होते, आई आणि मुलीची गोष्ट होती, म्हणून ती मूळ मालिकेपेक्षा जवळची वाटली. तरी एप्रिल २०२५ मध्ये ती स्वतंत्रपणे पुढे चालवणार नसल्याचे जाहीर झाले. स्पेनची 'मनी हाइस्ट' २०१७ मध्ये तिथल्या वाहिनीवर सुरू झाली ती एका दरोड्याची पुरी गोष्ट म्हणून. तिथे तिचा प्रेक्षक घटत गेला, नेटफ्लिक्सवर ती जगभर गाजली आणि मग संपलेली गोष्ट पुन्हा उघडून दुसरा दरोडा घातला गेला. दुसऱ्या दरोड्यात सोने जास्त होते आणि ताण कमी.

याच राज-डीकेंची 'द फॅमिली मॅन' मात्र तीन पर्वे टिकली, २०१९, २०२१ आणि २०२५. मनोज बाजपेयीचा श्रीकांत तिवारी देश वाचवून घरी येतो आणि बायकोच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. घराचे कर्ज, मुलांची शाळा, लपवलेली नोकरी, हे सगळे गुप्तचरांच्या कामाइतकेच गंभीर मानलेले आहे. पहिल्या पर्वात रुग्णालयातल्या हल्ल्याचा प्रसंग लांबलचक सलग टेकमध्ये आहे. कॅमेरा माणसांबरोबर जिने चढतो, दारे उघडतो, मागे वळतो. कोण कुठे आहे हे आपल्याला सतत कळते, म्हणून कोणावर काय बेतणार हेही कळते.

इथे मारामारीच्या कारागिरीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण आपली समीक्षा त्याकडे पाहतच नाही. इंदापूर-बारामती पट्ट्यात गावोगाव यात्रेला कुस्त्यांचा फड भरतो. आमच्याकडचा प्रेक्षक ढाक, घिस्सा, पट, एकलांगी डोळ्यांनी ओळखतो. पकड कुठे बसली, कोणाचा दम तुटला, कोण वेळ काढतोय, हे त्याला शेवटच्या रांगेतून दिसते. अशा माणसाला सेकंदाला दोन कट मारून, कॅमेरा हलवून, ढोल-गिटार वाजवून मारामारी विकता येत नाही. ठोसा कुठून निघाला आणि कुठे लागला हे त्याला पाहायचे असते. नट दमलेला दिसला पाहिजे, हात सुजला पाहिजे, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा दुखला पाहिजे. आजच्या देखण्या मालिकांत नायक आठ जणांना लोळवतो आणि पुढच्या प्रसंगात इस्त्रीच्या शर्टात कॉफी पितो. शरीरालाच काही झाले नाही तर त्या मारामारीने गोष्ट पुढे गेलेली नसते. मग तशी दहा दृश्ये आली तरी आपण पहिल्या दृश्यापाशीच उभे असतो, आणि कंटाळा तिथूनच सुरू होतो.

मंचांच्या रचनेचाही यात हात आहे. प्रेक्षकाने पहिल्या काही मिनिटांत सोडून जाऊ नये म्हणून शेवटाकडचा सर्वांत भडक प्रसंग सुरुवातीला आणून ठेवायचा आणि मग 'काही दिवसांपूर्वी' अशी पाटी लावायची, ही पद्धत इतकी रुळली आहे की नव्या मालिकेत ती पाटी दिसली की माझा उत्साह मावळतो. चांगला दिग्दर्शक आणि मोठा खर्च पहिल्या दोन भागांत ओतला जातो, मधल्या भागांना उरेल ते मिळते. पुढचे पर्व मिळेल या आशेने शेवट राखून ठेवला जातो.

या सगळ्याला सणसणीत उत्तर गेल्या काही वर्षांत एका मराठी दिग्दर्शकाने दिले आहे. 'किल्ला'वाले अविनाश अरुण. २०२० च्या 'पाताल लोक'च्या दिग्दर्शनात ते होतेच. १७ जानेवारी २०२५ ला आलेले दुसरे पर्व पूर्णपणे त्यांचे, लेखनसूत्र सुदीप शर्मांचे. जयदीप अहलावतचा हाथीराम चौधरी दिल्लीतून नागालँडला जातो. पोट सुटलेला, पदोन्नती न मिळालेला, थकलेला पोलीस. त्याच्या हाताखाली शिकलेला अन्सारी आता त्याचा वरिष्ठ आहे आणि दोघांनाही ते अवघड जाते. या नाजूक नात्यावर मालिका वेळ खर्च करते, आणि मग अन्सारी मरतो. त्यानंतरचा हाथीराम वेगळा माणूस आहे. त्या पर्वातल्या मारामाऱ्या ओबडधोबड आहेत, चिखलात आहेत, धापा टाकणाऱ्या आहेत. पाच वर्षांचा खंड पडूनही दुसरे पर्व पहिल्याच्या बरोबरीने, माझ्या मते काकणभर सरसच, उतरले.

मराठीत मात्र खरी मारधाडीची मालिका या नव्या रचनेत अजून यायची आहे. 'मानवत मर्डर्स' ऑक्टोबर २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली, आशिष बेंडे दिग्दर्शित. तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर. एकच तपास, आठ भाग आणि शेवट. ती तपासाची मालिका आहे, मारामारीची नव्हे, पण परभणीची माती, बोली, सत्तरचे दशक यांवर विसंबून मराठी मालिका सगळ्या देशासमोर उभी राहू शकते हे तिने दाखवले. मराठी निर्मात्याकडे हिंदीइतका पैसा नाही, ही तक्रार खरी आहे. पण वर ज्या गोष्टींनी मालिका तारल्या त्या पाहिल्या तर त्यांत महाग असे फारच थोडे निघते. काटेकरचा मृत्यू महाग नव्हता.

विषय तर आमच्या तालुक्यातच आहे. शेळगावच्या ईशान्येला, इंदापूरच्या पलीकडे, भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा पसरला आहे. तिथल्या पाण्यात यांत्रिक बोटी घालून बेकायदा वाळू उपसली जाते आणि महसूल खात्याची पथके त्या बोटी पकडून जिलेटिनने उडवतात, हे वर्तमानपत्रांत वारंवार येते. रात्र, पाणी, पाठलाग, स्फोट, सगळे तयार आहे. कोणी निर्माता ते वाचून आला तर तो बहुधा स्फोटापासून सुरुवात करील, आणि ते योग्यही ठरेल. पण पथकात तिथलाच एखादा तलाठी असतो. बोट ज्याची बुडाली त्याच्या भावकीतल्या कोणाचा तरी सातबारा दुसऱ्या दिवशी त्याच्याच टेबलावर येतो. त्याची बायको त्याच गावच्या शाळेत शिक्षिका असते, मुलगा त्याच एसटीने कॉलेजला जातो. तो बदली मागतो की दुसरी बोट धरतो, आणि धरली तर त्याचे काय जाते, यावर आठ भाग लिहून काढावेत. आठवा भाग आधी लिहावा, आणि तो लिहून झाल्याशिवाय कॅमेरा भाड्याने घेऊ नये.